खुर्चीवरून उतरल्यावर

मुलांनो, शनिवारवाडा पाहिलाय ना तुम्ही? आम्ही आमच्या वेळापूरच्या चौथीच्या मुलांना सहलीला तिथं नेलं होतं. दिल्ली दरवाजाचे अणकुचीदार खिळे मोजून झाले, कारंजं पाहून झालं, आणि मग नारायण दरवाजापाशी आल्यावर पोरं एकदम गप्प झाली.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. अवघ्या अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला गारद्यांनी वाड्यातच कापून काढलं. ‘धरावे’चं ‘मारावे’ कुणी केलं, ती गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकलीच असेल. खरी किती, खोटी किती, ते इतिहासकारांवर सोपवू. पण त्यानंतर काका राघोबादादा पेशवे झाले, हे खरं. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी केली, तर दोष नव्या पेशव्यापर्यंतच पोचला! शास्त्रीबुवांनी त्याला तोंडावर सांगितलं, याला देहांत प्रायश्चित्तच. आणि पुणं सोडून ते वाईजवळच्या एका खेड्यात निघून गेले.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. आमच्या एका पोरानं पुढचं विचारलं, “बाई, मग त्याला फाशी झाली का न्हाई?”

नाही झाली, बाळांनो. बारभाईंनी राघोबाची गादी घालवली. १८ एप्रिल १७७४ ला सवाई माधवराव जन्मले आणि त्या तान्ह्या बाळाला पेशवाईची वस्त्रं मिळाली. राघोबा आता माजी पेशवा झाला. पण तो गेला इंग्रजांकडे. १७७५ साली सुरतेला तह केला, त्यातून लढाई पेटली ती सात वर्षं. तलवार चालवणाऱ्या काही गारद्यांना देहांत शिक्षा झाली. राघोबाला मात्र १७८२ च्या सालबाईच्या तहात दरमहा २५,००० रुपयांची नेमणूक बांधून मिळाली.

“म्हंजे त्याला पेन्शन मिळाली!” पोरगं म्हणालं. सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

निकाल होता, पण तो अमलात आणणारं कुणी नव्हतं. न्यायाधीश पेशव्याचा, शिपाईही पेशव्याचेच. आता तसं नाही. आपल्या राज्यघटनेच्या ३६१ व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपती आणि राज्यपाल पदावर असेपर्यंत त्यांच्यावर फौजदारी खटला चालत नाही. पदावर असेपर्यंतच, बरं का! पंतप्रधान, मुख्यमंत्री यांना तर तेवढीही ढाल नाही.

आपल्या महाराष्ट्रातच याची मोठी परीक्षा झाली. तुमच्या आईबाबांना आठवत असेल, एकेकाळी सिमेंट परमिटवर मिळायचं. मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या ट्रस्टला देणग्या आणि त्याबदल्यात सिमेंटचा कोटा, असा आरोप झाला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल विरोधात गेला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. मुंबईचे रामदास नायक यांनी फौजदारी खटलाही भरला. तेव्हा प्रश्न आला परवानगीचा.

ही परवानगी म्हणजे काय? समजा, वर्गात नियम आहे की मॉनिटरची तक्रार करायची तर आधी बाईंना विचारायचं. नाहीतर फळ्यावर नाव लिहिलं म्हणून चिडलेला प्रत्येक जण खोटी तक्रार घेऊन येईल आणि बिचाऱ्याला मॉनिटरकी करणंच मुश्कील होईल. सरकारी पदावरच्या माणसावर लाचलुचपतीचा खटला भरायलाही अशीच परवानगी लागते. पण मॉनिटर बदलला, आणि मग कळलं की त्यानं खडूंचं खोकं घरी नेलं होतं, तर?

१६ फेब्रुवारी १९८४ ला सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं, ज्या पदाचा गैरवापर केल्याचा आरोप आहे ते पद सुटलं असेल तर परवानगी लागत नाही. त्याच वेळी त्यांनी खटला खालच्या विशेष कोर्टातून काढून हायकोर्टात पाठवला. गंमत पुढंच आहे. १९८८ साली त्याच सुप्रीम कोर्टाचे सात न्यायाधीश बसले आणि म्हणाले, खटला हलवण्यात आपलीच चूक झाली! कायद्यानं जे कोर्ट नेमलंय, तिथंच खटला चालायला हवा. एक अपिलाची पायरी अंतुल्यांकडून काढून घेता येत नाही. मला हा दुसरा निकाल पहिल्याइतकाच मोलाचा वाटतो. आरोप झालेला माणूस नावडता असला, म्हणून त्याची पायरी कमी करायची नाही.

पालकांसाठी एक सांगते. २०१८ साली लाचलुचपतीचा कायदा बदलला. आता माजी झालेल्यांवर खटला भरायलाही परवानगी लागते. प्रामाणिक माणसाला निवृत्तीनंतर छळू नये, हे कारण पटतं. पण परवानगी देणारा आणि आरोपी एकाच घरचे असले, तर? खरी गोम तिथं आहे.

दूर दक्षिण कोरियात १९९६ साली दोन माजी राष्ट्राध्यक्षांना शिक्षा झाली आणि १९९७ च्या डिसेंबरात माफीही मिळाली. परतीच्या एस.टी.त मी हे सांगितलं, तर त्याच पोरानं विचारलं, “मग राघोबाला माफी कुणी दिली?”

“कुणीच नाही.”

“आन् रामशास्त्री तवा होते का?”

“होते की. पुढं ते पुन्हा न्यायाधीश म्हणून पुण्याला आले. राघोबा १७८३ ला कोपरगावी वारला, शास्त्रीबुवा १७८९ ला.”

“मग त्यांनी त्याला परत का न्हाई बोलावलं?”

अकलूज आलं तरी मला उत्तर सुचलं नव्हतं.