फ्लेक्सवरचा फोटो

निकाल लागला की वाशिम, रिसोड, कारंजात शिकवणी वर्गांचे फ्लेक्स चढतात. गुणवंताचा फोटो भला मोठा. पण तो तिथे दोन वर्षं शिकला की नुसती सराव परीक्षा दिली, हे बहुतेकदा कुठेच नसतं. मला तरी ही सरळ फसवणूक वाटते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या नोव्हेंबर २०२४ च्या सूचनांनुसार निवडीनंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय फोटो वापरता येत नाही. त्याने कोणता कोर्स, किती काळ केला, हेही छापावं लागतं. शिक्षण मंत्रालयाच्या जानेवारी २०२४ च्या सूचना : रँकची हमी नको, वर्ग मध्येच सोडल्यास उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत. सोयाबीन विकून भरलेले पैसे असतात ते! तक्रारीसाठी ग्राहक हेल्पलाइन : १९१५.