गोदेचा गाळ आणि कोरिंगाची होडी

महाराष्ट्राला डहाणूपासून रेडीपर्यंत किनारा आहे, पण त्यावर त्रिभुज प्रदेश एकही नाही. भूगोलाच्या वहीत ती आकृती आपण सगळ्यांनी काढलेली असते: नदी, तिला फुटलेले फाटे, मधे गाळाची बेटं. बघायला मात्र ती इथे कुठेच मिळत नाही. सह्याद्रीवरून पश्चिमेला उतरणाऱ्या नद्या तासाभराच्या गाडीरस्त्यात समुद्राला भिडतात. त्यांच्याकडे ओतायला गाळ थोडा आणि तोंडाशी खोल खाडी. नर्मदा-तापीकडे गाळाची कमी नाही, पण त्या जिथे उतरतात त्या खंबातच्या आखातात भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या घरात जातो. दिवसातून दोनदा एवढं पाणी आतबाहेर धावलं की गाळाला बूड टेकवायला सवडच मिळत नाही. तेव्हा आपल्या मातीचा त्रिभुज प्रदेश बघायचा तर आंध्रात काकीनाड्याला जायला हवं. ‘आपल्या मातीचा’ हे अगदी शब्दशः घ्या. का, ते पुढे येईलच.

गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगवते. तिथून अरबी समुद्र सुमारे ऐंशी किलोमीटरवर. पण सह्याद्रीचा माथा पूर्वेकडे कललेला, त्यामुळे ती समुद्राकडे पाठ करून निघते आणि नाशिक, पैठण, नांदेड करत १४६५ किलोमीटर चालते. गडचिरोलीच्या टोकाला प्राणहिता तिला मिळते, म्हणजे वर्धा आणि वैनगंगेचं पाणी आलं. पुढे बस्तरची इंद्रावती आणि मग शबरी. पापिकोंडलूच्या डोंगरांमधून ती अंग चोरून निसटते, राजमहेंद्रवरमला काही किलोमीटर रुंद होते, आणि धवळेश्वरमच्या खाली दुभंगते. उत्तरेचा फाटा गौतमी, दक्षिणेचा वसिष्ठा. मधली नारळ-भाताची हिरवी जमीन म्हणजे कोनसीमा. तेलुगू परंपरा फाटे सात मानते, सप्तर्षींनी एकेक प्रवाह समुद्राला नेला म्हणून. त्र्यंबकला जिच्या अवतरणाची कथा गौतम ऋषींभोवती फिरते, तिचा सर्वांत मोठा फाटा समुद्राला मिळतानाही त्यांचंच नाव लावतो. गुरू सिंह राशीत आला की वर नाशिकला सिंहस्थ भरतो आणि खाली राजमहेंद्रवरमला पुष्करम. २०१५ मध्ये दोन्ही एकाच वर्षी झाले, आणि दरवेळी तसंच होतं, कारण ग्रहही तोच, नदीही तीच.

कोरिंगाचं अभयारण्य काकीनाड्याहून यानमकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. क्षेत्र सुमारे २३५ चौरस किलोमीटर, दर्जा १९७८ पासून. आत खारफुटीतून लाकडी पूल काढलाय, तो संपतो तिथे होड्या. बरोबरचा गाइड बहुधा जवळच्याच मच्छीमार गावातला. तो आधी पाण्याकडे बघतो, मग घड्याळाकडे. ‘पोटु’ म्हणजे भरती, ‘पाटु’ म्हणजे ओहोटी, एवढे दोन शब्द आले की त्याच्या दिवसाचं वेळापत्रक कळतं. इथली भरती दीडेक मीटरची, खंबातच्या मानाने किरकोळ. पण जमीनच इतकी सपाट की त्या दीड मीटरने सगळा नकाशा बदलतो. सकाळी जिथे होडी जाते तिथे दुपारी बगळे चालत असतात.

ओहोटी लागली की काठ उघडा पडतो, आणि खरी गंमत तिथे आहे. होडी काठाला लावून तो चिखल चिमटीत घ्या. रेतीची कचकच लागत नाही. करडा-काळा, लोण्यासारखा मऊ, बोटांच्या रेषांत जाऊन बसतो आणि धुतला तरी चटकन निघत नाही. याचा एकेक कण इतका बारीक की गोड्या पाण्यात तो कितीही दिवस तरंगत राहील. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखाच भार असल्याने ते एकमेकांना दूर लोटतात आणि तळ गाठत नाहीत. नाशिकपासून इथवर ते असेच अधांतरी आलेले असतात. मुखाशी खारं पाणी लागतं, मिठातले धन भाराचे आयन त्या कणांभोवती गोळा होतात, दुरावा संपतो, कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि खाली बसतात. शिवाय समुद्र लागला की प्रवाहाचा वेगही मंदावतो. जाड रेती तोंडाशीच पडते, बारीक गाळ खाड्यांत शिरतो. पडलेल्या रेतीने नदीची स्वतःची वाट अडते, मग ती बाजूने नवी काढते. फाटे फुटतात ते यामुळे. समुद्राची पातळी सहा-सात हजार वर्षांपूर्वी आजच्या आसपास स्थिरावली, आणि तेव्हापासून नदी समुद्राला रेटत पुढे आली आहे. किनाऱ्यापासून बरंच आत, शेतांमधून, रेतीचे लांबच लांब समांतर बांध दिसतात. ते एकेकाळचे समुद्रकिनारे. गावं, देवळं, नारळाच्या बागा त्या उंचवट्यांवर, आणि भात मधल्या खोलगट पट्ट्यांत.

आता मातीचा पत्ता. गोदावरीच्या पाणलोट क्षेत्राचा जवळपास निम्मा भाग महाराष्ट्रात आहे, आणि त्यात बहुतेक दख्खनचा काळा कातळ. उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात पायाला चिकटणारी काळी रेगूर त्या कातळातूनच झाली. इथला गाळ सगळा आपला, असं म्हणणं मात्र खोटं ठरेल. बस्तर आणि पूर्व घाटाकडूनही भरपूर येतो. पण दोन्ही ओळखता येतात. पूर्वेकडचे खडक शेकडो कोटी वर्षांचे, दख्खनचा बसाल्ट साडेसहा कोटींचा. त्यामुळे दोन्हींतल्या निओडायमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचं प्रमाण वेगळं असतं. चिमूटभर गाळावरून त्याचं गाव सांगता येतं.

२००६ साली ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ या जहाजाने गोदावरीच्या मुखासमोर, खोल समुद्राच्या तळातून गाळाचा लांब दंडगोल काढला. मोहीम खरी गॅस हायड्रेट शोधायची होती. पण हाती लागली गेल्या हजारो वर्षांची गाळाची वही, पानावर पान चढलेली. ती वाचणाऱ्या संशोधकांना दिसलं की साधारण चार हजार वर्षांपूर्वीपासून पावसाळा क्षीण होत गेला, झाडोरा विरळ झाला, आणि नेमका त्याच काळापासून दख्खनच्या मातीचा वाटा वाढत गेला. त्यांच्या मते उघड्या पडलेल्या जमिनीबरोबर शेतीचाही यात हात असावा. आता तो काळ आपल्याकडचा कुठला, ते आठवा. प्रवरेच्या काठी दायमाबाद, जोर्वे, नेवासा इथे ताम्रपाषाणयुगीन लोक गव्हा-जवाची शेती करत होते. दायमाबादला १९७४ मध्ये सापडलेला तो बैलांचा कांस्यरथ याच वस्तीतला. प्रवरा गोदावरीला मिळते. म्हणजे त्या शेतांतून पहिल्या पावसात वाहून गेलेली माती बंगालच्या उपसागराच्या तळाशी जाऊन बसली, आणि तिचा थोडा हिस्सा या खाड्यांतून गेला. मला यापुढे काही सुचत नाही. नगर जिल्ह्यात कुदळ मारली गेली आणि तिची नोंद समुद्रतळाने ठेवली!

याहून थोर एक गोष्ट होडीतून दिसत नाही, पण राजमहेंद्रवरमच्या आसपास आहे. काटेरु आणि नदीपलीकडे पांगिडी इथल्या खाणींत काळा बसाल्ट निघतो. दख्खनच्या मुख्य पठारापासून हा तुकडा शेकडो किलोमीटर तुटलेला. तो आला कुठून, हा वाद बरीच वर्षं चालला. रासायनिक घडण, चुंबकीय दिशा, वय, सगळं तपासल्यावर तो जुळला तो महाबळेश्वर आणि आंबेनळी घाटातल्या लाव्हाथरांशी. काही भूशास्त्रज्ञांचं म्हणणं असं की पश्चिमेकडे फुटलेला लाव्हा त्या वेळच्या नद्यांच्या खोऱ्यांतून वाहत जवळजवळ हजार किलोमीटर गेला आणि इथल्या किनाऱ्याला टेकला. तसं असेल तर पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत याची गणना होईल. सह्याद्रीचा दगड आधी वितळलेला आला. भुगा होऊन नंतर येतोय, अजूनही.

होडीवर परत येऊ. या चिखलात झाडाने जगायचं कसं? मुळांना हवा नाही, पाणी खारं, आणि जमीन दिवसातून दोनदा बुडते. इथे तिवर भरपूर आहे, कोकणच्या खाड्यांवर असते तीच. तिच्या बुंध्याभोवती चिखलातून बोटभर जाडीच्या मुळ्या उभ्या वर आलेल्या असतात, शेकडोंनी. गाइडने एक मोडून दाखवली तर आतून ती स्पंजासारखी भुसभुशीत निघते. ओहोटीत ती हवा आत घेते आणि खाली पोचवते. तिवरीचं एखादं जुनं पान खालून नीट बघा, उन्हात बारीक पांढरे दाणे चमकतील. जीभ लावा: मीठ. मुळं बरंचसं मीठ दारातच अडवतात, जे आत घुसतं ते पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात. कांदळाची तऱ्हा आणखी वेगळी. त्याचं बी झाडावर असतानाच रुजतं, आणि हातभर लांबीची हिरवी शेंग वाटावी असं रोपच खाली लोंबतं. ओहोटीत सुटलं तर चिखलात रुततं, भरतीत सुटलं तर तरंगत दुसऱ्या काठाला लागतं. नव्या गाळावर पहिलं पाऊल अशा झाडांचंच पडतं. मग त्यांच्या मुळांत आणखी गाळ अडकतो, जमीन वर येते.

चिखलावर निवट्या उड्या मारत असतात, मासा असून पंखांवर रांगणाऱ्या. एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे ती हलवून एकमेकांना धमक्या देतात. काळ्या डोक्याचा खंड्या, ब्राह्मणी घार सहज दिसते. मासेमार मांजर मात्र दिसेल अशी आशा धरू नका. ती इथे आहे, पण रात्रीची. पाणमांजरांचा कळप दिसला तर दिवस सार्थकी लागला म्हणायचा.

खाड्या ओलांडून होडी मोकळ्या उपसागरात आली की समोर होप आयलंड: गोदावरीच्याच रेतीचा सोळाएक किलोमीटर लांब दांडा, गेल्या दोनेकशे वर्षांतच वाढलेला. त्याच्या आडोशाला काकीनाड्याचं बंदर शांत राहतं, आणि बाहेरच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्याआधी बंदर होतं ते कोरिंगाला. तिथे जहाजं बांधत, दुरुस्त करत, आणि ब्रह्मदेशात कामाला जाणारे तेलुगू लोक तिथूनच चढत. १७८९ आणि १८३९ च्या वादळांत समुद्र भिंतीसारखा आत आला आणि गाव धुऊन गेला. खाडीही गाळाने भरत गेली. आज कोरिंगा हे रस्त्याकडेचं साधं गाव आहे. जी नदी जमीन देते तिने बंदर बुजवलं, आणि ते तिच्या हिशेबात एकच काम.

आता हिशेब उलटाही चाललाय. आर्थर कॉटन या इंग्रज अभियंत्याने १८५२ साली धवळेश्वरमला बंधारा पुरा केला, कालवे काढले आणि दुष्काळाच्या या मुलखाचं भाताचं कोठार झालं. इथे त्याच्या पुतळ्यांना लोक मनापासून हार घालतात, ते दिखाव्याचं नाही. पण नंतर वरच्या अंगाला जायकवाडीपासून धरणांमागून धरणं झाली. गाळ तिथेच बसू लागला. १९७० च्या दशकात नदी वर्षाला सुमारे पंधरा कोटी टन गाळ आणत होती. १९९० च्या दशकात तो सहा कोटींच्या खाली आला. गाळ आला नाही तर त्रिभुज प्रदेश नुसता थांबत नाही. साठलेला चिखल स्वतःच्या वजनाने दबत असतो, लाटा कडा खात असतात, आणि वरून भरपाई नाही. मुखाजवळचा किनारा काही ठिकाणी मागे सरकलाय, खारफुटीची झाडं मुळांसकट पुळणीवर आडवी पडलेली दिसतात. आपल्या धरणांतला गाळ काढून शेतात टाकायच्या योजना आपण वाचतो तेव्हा हे टोक कुणाच्या डोळ्यांसमोर नसतं.

जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात जाण्याला एकच कारण पुरेसं आहे, ते म्हणजे पुलसा. हा आपला पाला मासा. समुद्रातून अंडी घालायला नदीत चढतो, आणि लाल गढूळ पाण्याशी झगडत आलेल्या त्या माशाची चव काही औरच, असं गोदावरीकाठी सगळे सांगतात. मंगळसूत्र विकावं पण पुलसा खावा, अशी तिकडची म्हण आहे, आणि भाव ऐकला की ती अतिशयोक्ती वाटत नाही. मासा चढतो तो धवळेश्वरमच्या बंधाऱ्यापर्यंत. पुढे दरवाजे. होडीसाठी मात्र आदल्या संध्याकाळीच भरतीची वेळ विचारून ठेवा. पाणी उतरल्यावर पोचलात तर आतल्या अरुंद खाड्या राहतील, आणि गाइड तुम्हाला पुलावरूनच निवट्या दाखवत बसेल.