चाकांची खुर्ची

आमच्या पूर्वजांनीं उतारवयासाठीं वानप्रस्थाश्रम सांगून ठेविला. आमच्या पिढीच्या वांट्यास मात्र वनाऐवजीं न्यू जर्सी आलें आहे. मुलगा किंवा मुलगी तेथें नोकरीस असते, घरांत बाळंतपण नाहीं तर मुंज निघते, आणि ज्यांनीं उभ्या जन्मांत पुण्याहून मुंबईपलीकडे फारसा प्रवास केला नाहीं अशीं म्हातारीं माणसें सातासमुद्रांपलीकडे निघतात. विमानांत बसणें हें त्यांतलें सोपें काम. अवघड तें विमानतळावर चालणें.

गेल्या वर्षीं आमचे वडील बंधू आणि मी असे दोघे निघालों. दादांचें वय अठ्ठ्याहत्तर. दोन्ही गुडघे कामांतून गेलेले. माझे पाय, ईश्वरकृपेनें, अजून शाबूत आहेत. तिकिटें काढतांना पुतण्यानें आम्हां दोघांच्याहि नांवावर व्हीलचेअर, म्हणजे चाकांची खुर्ची, मागवून ठेविली. दादा टेलिफोनवर कडाडले, “मला काय पांगळा समजतोस?” मला मात्र पुतण्या हळूच म्हणाला, “काका, तुम्हांला चालतां येतें हें मी जाणतों. पण खुर्चीबरोबर माणूस मिळतो. रांगा चुकतात, आणि तिकडच्या अधिकाऱ्यापुढें तो नेऊन उभें करतो.” मला इंग्रजी वाचतां येतें, परंतु अमेरिकन माणसाच्या तोंडचें इंग्रजी कानांत शिरत नाहीं. मीं होकार दिला. त्या होकाराविषयीं पुढें सांगावयाचें आहे.

प्रथम व्यवस्थेसंबंधीं थोडें. खुर्ची तिकीट काढतांनाच मागावी. निदान प्रवासाच्या 48 तास आधीं कंपनीस कळवावें. तिच्यासाठीं वेगळें भाडें पडत नाहीं. जगभरच्या विमान कंपन्यांनीं या मागणीचे तीन वर्ग ठरविले आहेत, आणि ते ठाऊक नसल्यामुळें पुष्कळांची फसगत होते. ज्यास जिना चढतां येतो, विमानांत चार पावलें टाकतां येतात, पण लांबचें चालणें झेपत नाहीं, तो ‘डब्ल्यूसीएचआर’. ज्यास जिना चढवत नाहीं, पण आंत आसनापर्यंत जातां येतें, तो ‘डब्ल्यूसीएचएस’. आणि ज्यास आसनापर्यंतहि उचलून न्यावें लागतें तो ‘डब्ल्यूसीएचसी’. त्याच्यासाठीं विमानाच्या चिंचोळ्या वाटेंत जाणारी अरुंद खुर्ची निराळी असते. दादांसारख्यांनीं दुसरा वर्ग सांगावा. कारण विमान दूर मैदानांत उभें असलें तर पहिल्या वर्गाच्या माणसास बसमधून नेऊन जिन्याशीं सोडतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्गासाठीं उंच उचलली जाणारी गाडी, अँबुलिफ्ट, दारापर्यंत आणावी लागते. संकोचानें आपली व्याधि कमी करून सांगणारा तेथें जिन्याच्या तळाशीं उभा राहतो.

ही जबाबदारी कोणाची, याविषयीं देशोदेशीं रीति भिन्न आहे. युरोपांत 2006 च्या नियमानें ती विमानतळाच्या चालकांवर टाकली आहे. अमेरिकेंत 1986 च्या कायद्यानें, आणि आपल्याकडेहि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनीं, ती विमान कंपनीवर आहे. ढकलणारा मनुष्य बहुधा ठेकेदाराचा असतो. अमेरिकेंत त्याच्या हातावर कांहीं डॉलर ठेवण्याचा प्रघात आहे; सुटे पैसे जवळ असावेत. औषधें व पारपत्र मात्र आपल्याच गळ्यांतल्या पिशवींत ठेवावें. खुर्ची एकीकडे आणि सामान दुसरीकडे असें वारंवार होतें.

आतां माझी गोष्ट. वाटेंत विमान बदलावयाचें होतें. तेथें दारांतून बाहेर पडतों तों खुर्च्या होत्या तीन आणि मागणारे आम्ही सातआठ. मी दादांना हात देत पुढें आणलें, ते एकींत बसले, आणि दुसरींत मी बसलों. माझ्या नांवाचा कागद होता. कायद्यानें ती माझीच होती. मागें भिंतीला टेकून एक गुजराती वृद्धा उभी होती. डावा पाय तिला उचलतां येत नव्हता. तिचे यजमान कर्मचाऱ्यास हात जोडून विचारीत होते, आणि तो “येतील, दुसऱ्या येतील” असें म्हणत होता.

वाचकांस स्मरत असेल, 2024 च्या फेब्रुवारींत मुंबईच्या विमानतळावर ऐंशी वर्षांचे एक गृहस्थ न्यूयॉर्कहून पत्नीसह उतरले. दोघांनींहि खुर्च्या मागितल्या होत्या; मिळाली एकच. तींत पत्नीस बसवून ते शेजारून चालत निघाले, आणि इमिग्रेशनपाशीं कोसळून मरण पावले. महासंचालनालयानें त्या कंपनीस 30 लाख रुपये दंड केला आणि सर्व कंपन्यांना पुरेशा खुर्च्या ठेवण्यास बजावलें. कंपनीचा दोष उघडच होता. परंतु वर्तमानपत्रांत ती बातमी वाचतांना माझ्या मनांत दुसरा प्रश्न आला नव्हता, तो त्या खुर्चींत बसल्यावर आला: त्या दिवशीं मुंबईंत माझ्यासारखे किती जण बसले असतील?

मी लगेच उठलों असें लिहावयास मला आवडलें असतें. तसें झालें नाहीं. खुर्ची चालूं लागली, पन्नाससाठ पावलें गेली, आणि मग मीं त्या तरुणास थांबविलें. त्यास वाटलें मला लघुशंकेस जावयाचें आहे! समजूत पटल्यावर तो रिकामी खुर्ची घेऊन धांवत मागें गेला. मी दादांच्या खुर्चीचा दांडा धरून चालूं लागलों, आणि तेव्हां कळलें कीं, मला खुर्चीची गरज मुळींच नव्हती. खुर्चीबरोबर एक सोबती जाऊं देतात. ज्या रांगेनें दादा गेले त्याच रांगेनें मीहि गेलों, आणि इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यानें आम्हां दोघांस एकदमच बोलाविलें.

ज्यांस केवळ वाट व भाषा यांचें भय आहे त्यांच्यासाठीं ‘मीट अँड असिस्ट’ नांवाची सोय पुष्कळ कंपन्या ठेवतात. तींत माणूस भेटतो, खुर्ची येत नाहीं. कोठें ती फुकट असते, कोठें पैसे पडतात. मुलांनीं तिकीट काढतांना हें विचारावें. आईबापांच्या नांवापुढें सरसकट खुर्ची मांडून मोकळें होऊं नये. उलट ज्या वडीलधाऱ्यांचे गुडघे दुखतात त्यांचा नकारहि ऐकूं नये.

परतीच्या तिकिटांत माझी खुर्ची मीं काढून टाकावयास लाविली. पुतण्या थोडा हिरमुसला. दादांनीं मात्र विमान मुंबईस उतरण्यापूर्वी तासभर हवाईसुंदरीस तीनदां बोलावून विचारलें, “माझी खुर्ची सांगितली आहे ना?”