न मोजलेला माणूस बारीक का ठरतो?

आरोग्य सर्वेक्षणाची एक फाइल घ्या. माणसागणिक एक ओळ. ओळीत उंची, वजन आणि त्या दोन्हींवरून काढलेला बीएमआय. एका बाईचं वजन घ्यायचं राहून गेलं, म्हणून तिचा बीएमआयचा रकाना रिकामा. आता सॅस या प्रणालीला सांगायचं: बीएमआय १८.५ पेक्षा कमी असेल तर गट ‘कमी’, नाहीतर २५ पेक्षा कमी असेल तर ‘योग्य’, नाहीतर ३० पेक्षा कमी असेल तर ‘जास्त’, आणि उरतील ते सगळे ‘स्थूल’. प्रोग्रॅम सुरळीत चालतो. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम चालल्याच्या नोंदीत, चूक दाखवणारी लाल अक्षरातली एकही ओळ उमटत नाही. आणि जिला कुणी काट्यावर उभंच केलं नव्हतं, ती बाई ‘कमी’ वजनाच्या गटात जाऊन बसते.

हे पहिल्यांदा कळलं की माणूस यंत्रावर चिडतो. मला मात्र यातलं आश्चर्य अजून पुरतं ओसरलेलं नाही. ‘माहीत नाही’ ही गोष्ट १८.५ पेक्षा लहान आहे, असं यंत्राने ठरवलं तरी कसं?

उत्तर असं की सॅसमध्ये रिकाम्या जागेलाही जागा आहे. संख्येच्या रकान्यात काही नसेल तर सॅस तिथे एक टिंब दाखवतं, आणि हे टिंब संख्यारेषेच्या पार डाव्या टोकाला उभं असतं. शून्याच्या अलीकडे, उणे एकच्या अलीकडे, तुम्ही विचार कराल त्या प्रत्येक ऋण संख्येच्याही अलीकडे. त्यामुळे ‘टिंब १८.५ पेक्षा लहान आहे का?’ असं विचारलं की ‘हो’ असं चोख उत्तर मिळतं. सॅसमधल्या प्रत्येक तुलनेचं उत्तर १ किंवा ०, खरं किंवा खोटं, एवढंच असतं. ‘ठाऊक नाही’ असं तिसरं उत्तर तिथे नाही. उत्तरांमध्ये जे अज्ञान मावलं नाही, ते संख्यांमध्ये नेऊन बसवलं आहे.

मौज पुढेच आहे. हीच फाइल, हीच बाई, फक्त प्रणाली बदला. १९८५ साली आलेल्या स्टाटामध्ये रिकामी जागा संख्यारेषेच्या उजव्या टोकाला असते, म्हणजे कुठल्याही संख्येपेक्षा मोठी. तिथे ‘बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त’ अशी अट लिहिली की हीच बाई स्थूल ठरते. आर या भाषेत अज्ञानाशी केलेली तुलना अज्ञातच राहते. विचारलं, लहान आहे का? उत्तर येतं, सांगता येत नाही. एसक्यूएलच्या डेटाबेसांत खरं आणि खोटं यांच्या जोडीला ‘अज्ञात’ असं तिसरं सत्यमूल्य आहे, पण पायरीपायरीच्या अटींमध्ये अज्ञात म्हणजे ‘अट पुरी झाली नाही’ असंच धरलं जातं. मग बाई एकेक पायरी ओलांडत शेवटच्या ‘उरलेले’ या पायरीवर पोचते, म्हणजे पुन्हा स्थूल. एकाच न घेतलेल्या वजनातून एक बारीक बाई, दोन लठ्ठ बायका आणि एक अनुत्तरित प्रश्न! यातली कुठलीच प्रणाली बिघडलेली नाही. प्रत्येकीच्या घडणीत कुणीतरी कधीतरी एक तात्त्विक निर्णय घेतला, की शून्यही नाही आणि संख्याही नाही अशा गोष्टीला ठेवायचं कुठे. आपण ‘इफ’ लिहितो तेव्हा तो निर्णय आपल्याही नकळत आपल्या वाक्यात उतरतो.

सॅसचा जन्म शेतीच्या आकडेवारीतून झाला. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात शेतीच्या प्रयोगांचे आकडे तपासायला ही प्रणाली लिहिली जाऊ लागली. अँथनी बार, जेम्स गुडनाइट, जॉन सॉल आणि जेन हेल्विग यांनी १९७६ मध्ये तिची कंपनी केली. आज तिचं मुख्यालय त्याच राज्यातल्या कॅरी गावात आहे आणि एक संशोधन केंद्र पुण्यात. नव्या औषधांच्या चाचण्यांचे आकडे अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे जातात तेही सॅसच्याच ट्रान्सपोर्ट फाइलच्या साच्यात. त्यामुळे आपल्याकडची कितीतरी मुलं-मुली रोज हेच काम करतात: एका रकान्यावरून दुसरा रकाना काढायचा, वयावरून वयोगट, रक्तदाबावरून तीव्रता, बीएमआयवरून वजनाचा गट.

दिसायला हे काम चार ओळींचं आहे. पण त्या चार ओळींत काय काय दडलेलं असतं ते पाहायला मुंबईच्या देवनारला जायला हवं. तिथली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची मध्यवर्ती संस्था. या सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांचा बीएमआय काढतात, मात्र त्या गणनेतून गरोदर स्त्रिया आणि गेल्या दोन महिन्यांत बाळंत झालेल्या स्त्रिया वगळतात. कारण उघड आहे, त्यांचं त्या वेळचं वजन फक्त त्यांचं नसतं किंवा नेहमीचं नसतं. आता ही अट लिहून पाहा. बोलताना आपण सहज म्हणतो, गरोदर किंवा बाळंतीण नसलेल्या बायका घ्या. हेच जसंच्या तसं ‘गरोदर नाही किंवा बाळंतीण नाही’ असं लिहिलं की अट कोसळते. पाचव्या महिन्यातली बाई बाळंतीण नाही, म्हणजे अटीचा उत्तरार्ध खरा, म्हणजे ती आत. परवा बाळंत झालेली बाई गरोदर नाही, म्हणजे पूर्वार्ध खरा, म्हणजे तीही आत. वगळली जाईल ती फक्त एकाच वेळी गरोदर आणि बाळंतीण असलेली बाई! ‘किंवा’च्या बाहेरचा नकार आत शिरताना ‘किंवा’चा ‘आणि’ होतो. हा नियम ज्याच्या नावाने ओळखला जातो तो ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ मध्ये जन्मला तो आपल्या मदुराईत. त्याचा नियम रोज कुठल्या ना कुठल्या प्रोग्रॅममध्ये मोडला जातो आणि यंत्र हूं की चूं करत नाही.

‘किंवा’ची आणखी एक खोड आहे. ‘गट १ किंवा २ असेल तर’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. सॅस मात्र ते ‘गट १ आहे, किंवा २’ असं वाचतं. आता नुसता ‘२’ खरा की खोटा? सॅसच्या लेखी शून्य आणि टिंब खोटे, बाकी प्रत्येक संख्या खरी. म्हणजे २ नेहमीच खरा, आणि ही अट जगातल्या प्रत्येक ओळीसाठी पुरी होते.

आता पुन्हा रिकाम्या रकान्याकडे येऊ. वजन घेतलं नाही, घेऊ दिलं नाही, आणि गरोदर असल्यामुळे धरायचंच नाही, ही तीन वेगवेगळी कारणं आहेत. कागदावर तिन्ही सारखीच दिसतात. सर्वेक्षणं करणारे लोक हे भान पूर्वीपासून राखत आले आहेत, पण त्यांची पद्धत धोक्याची आहे: ते रिकाम्या जागी एक अशक्य संख्या लिहितात. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य व पोषण सर्वेक्षणात दिवसाला सरासरी किती पेले मद्य घेता या प्रश्नाला ७७७ म्हणजे ‘सांगायला नकार’ आणि ९९९ म्हणजे ‘माहीत नाही’. हे वाचायचं राहिलं की रोज हजाराला एक कमी इतके पेले रिचवणारी माणसं तयार होतात आणि सरसकट ‘अतिमद्यपी’ या गटात पडतात. आपल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या फाइलमध्ये बीएमआय दोन दशांश स्थळं पोटात घेऊन लिहिलेला असतो, १८.५० च्या जागी १८५०, आणि संशयास्पद नोंदीला ९९९८. शंभराने भागायला विसरलात की सगळा देश स्थूल. भागलंत पण ९९९८ वगळायला विसरलात, तर ९९.९८ बीएमआयचे महाकाय लोक.

सॅसने यावर काढलेला तोडगा मला फार सुंदर वाटतो. साध्या टिंबाखेरीज त्याच्याकडे आणखी २७ प्रकारची टिंबं आहेत: टिंबाला जोडून ए ते झेड यांपैकी एक अक्षर, किंवा एक अधोरेषा. नकार दिला त्याला टिंब-आर, माहीत नाही त्याला टिंब-डी असं आपण ठरवू शकतो. सरासरी काढताना ही सगळी बाजूला राहतात, पण अज्ञानाचं कारण पुसलं जात नाही. अठ्ठावीस प्रकारची अज्ञानं, आणि त्यांच्यातही लहानमोठेपणाचा क्रम! सर्वांत खाली अधोरेषेचं टिंब, मग साधं टिंब, मग ए, बी, सी करत झेड, आणि झेड संपल्यावर ऋण संख्या सुरू. म्हणून ‘बीएमआय टिंबाएवढा असेल तर’ अशी राखण ठेवली तरी टिंब-आर तिच्या बाजूने निसटतं, कारण ते साध्या टिंबाएवढं नसतंच. अठ्ठावीसही पकडायची तर ‘मिसिंग’ हे फंक्शन वापरायचं. जुनेजाणते ‘टिंब-झेड किंवा त्याहून लहान’ असं लिहितात आणि एका तुलनेत सगळं अज्ञान गोळा करतात.

संख्यांचं झालं, पण गटांची नावंही वाट्टेल तसा खेळ करतात. सॅस प्रोग्रॅम चालवण्याआधी तो वरून खाली एकदा वाचून घेतं आणि त्या वाचनात प्रत्येक नव्या रकान्याची रुंदी ठरवून टाकतं. गट या रकान्याला पहिल्यांदा जे नाव दिलेलं दिसेल, तेवढीच त्याची रुंदी. पुढची लांब नावं तिथे कापली जातात, तीही न बोलता. आता हे मराठीत करून बघा. युटीएफ-८ या अक्षरसंकेतात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, उकार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं. ‘कमी’ म्हणजे क, म आणि वेलांटी, एकूण नऊ बाइट. ते नाव पहिलं आलं की रकाना नऊ बाइटांचा. ‘योग्य’मध्ये पाच चिन्हं, म्हणजे पंधरा बाइट. त्यातले पहिले नऊच मावतात आणि उरतो ‘योग’. ‘जास्त’चा होतो ‘जास’, ‘स्थूल’चा ‘स्थ’. योग्य वजनाच्या सगळ्या बायका योग या गटात! पुढे कुणी ‘गट योग्य असेल तर’ अशी अट घातली की ती एकाही ओळीला लागू होत नाही, आणि तक्त्यात शून्य पाहून माणूस भलत्याच ठिकाणी चूक शोधत बसतो. उपाय एका ओळीचा आहे, रुंदी आधीच ‘लेंग्थ’ने सांगून टाकायची.

‘एल्स’, म्हणजे ‘नाहीतर’, गाळण्याची चूक सगळ्यांना माहीत असते, तिच्याबद्दल एवढंच सांगतो. चढत्या क्रमाने तीन सुट्या ‘इफ’ लिहिल्या तर प्रत्येक नवी अट आधीचं उत्तर पुसते, आणि ३० च्या आतले सगळे शेवटच्या अटीनुसार ‘जास्त’ होतात. आपली न मोजलेली बाईही आता बारीक न राहता जाड होते. आणि एक गोष्ट दशांशाची: पडद्यावर २५.० दिसतं तिथे आत २४.९६ असू शकतं. दिसणं हे फॉरमॅटचं काम, अट मात्र आतल्या संख्येला लागते.

हे सगळं शोधायचं कसं? लॉग वाचायचाच, ‘अनइनिशिअलाइज्ड’ हा शब्द दिसला तर रकान्याचं नाव लिहिताना गफलत झाली आहे हे तिथेच कळतं. पण इथल्या बहुतेक चुका लॉगला चुका वाटतच नाहीत. औषध चाचण्यांत यासाठी डबल प्रोग्रॅमिंग करतात: दोघांनी एकमेकांचा कोड न बघता तोच रकाना काढायचा आणि सॅसच्या प्रॉक कम्पेअर या तयार प्रक्रियेने दोन्ही निकाल ताडून बघायचे. पद्धत उत्तम आहे. तरी दोघांनीही ‘१८.५ पेक्षा कमी’ एवढंच लिहिलं असेल, तर सगळं तंतोतंत जुळतं आणि बाई बारीकच राहते.

माझा भरवसा एका साध्या तक्त्यावर आहे. प्रॉक मीन्सला गटागणिक चार आकडे विचारायचे: मूळ बीएमआय किती जणांचा आहे, किती जणांचा नाही, सर्वांत कमी किती, सर्वांत जास्त किती. ‘योग्य’ गटात सर्वांत कमी १८.५ च्या खाली असेल किंवा सर्वांत जास्त २५ वर गेला असेल तर अट चुकली. ‘स्थूल’मध्ये ९९.९८ दिसला तर सांकेतिक संख्या आत शिरली. आणि ‘कमी’ गटापुढे ‘किती जणांचा नाही’ या रकान्यात शून्याऐवजी काहीही असेल, तर तेवढी माणसं काट्यावर चढलीच नव्हती. गट काढताना उत्तराचा रकाना बघण्याची ओढ असते. चूक सापडते ती मूळ रकाना उत्तराच्या शेजारी ठेवला तरच.

सॅसमध्येच दुसराही रस्ता आहे. ‘इफ’ लिहिण्याऐवजी प्रॉक फॉरमॅटमध्ये ‘लो’पासून १८.५ पर्यंत, मग २५ पर्यंत अशा पट्ट्या आखायच्या. या ‘लो’चा अर्थ सर्वांत लहान संख्या. गंमत अशी की संख्यांच्या बाबतीत इथे टिंब त्यात धरलेलं नाही. ज्या प्रणालीच्या ‘इफ’मध्ये रिकामी जागा सगळ्यांत लहान, त्याच प्रणालीच्या फॉरमॅटमध्ये ती पट्टीच्या बाहेर! वेगळी पट्टी दिली नाही तर ती टिंब म्हणूनच छापली जाते. ‘अदर’ अशी पट्टी ठेवली तर मात्र ती त्यात जाते, मग त्या पट्टीला नाव ‘स्थूल’ द्यायचं की ‘नोंद नाही’, हे लिहिणाऱ्याच्या हातात.

पट्ट्या कुठे आखायच्या हेही माणसानेच ठरवायचं असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २५ च्या रेषेनुसार बीएमआय २४ असलेली बाई ‘योग्य’. भारतीयांसाठी २००९ मध्ये तज्ज्ञांनी सुचवलेल्या २३ च्या रेषेनुसार तीच बाई ‘जास्त’. सॅस दोन्ही रेषा सारख्याच तत्परतेने पाळतं. म्हणून पहिली अट संख्येबद्दल लिहायची नाही. पहिल्या ओळीत विचारायचं, हिचं वजन घेतलं होतं का? ‘नाही’ असेल तर गट ‘नोंद नाही’. मग ‘एल्स’, आणि त्यानंतर १८.५.