लॅपटॉपचं वाय-फाय स्लो? आधी कार्ड बघा, मग नवीन लॅपटॉपचं बोलू

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोललो तसाच ठेवलाय, अधलेमधले "अं… म्हणजे" तेवढे काढलेत.

हिंगणघाट तालुक्यातून एका श्रोत्याचा मेसेज आला: "दादा, घरी १०० एमबीपीएसचं फायबर घेतलं. मोबाईलवर ९० दाखवते, लॅपटॉपवर ३५ च्या वर जातच नाही. ऑनलाइन टेस्टमध्ये दोनदा लटकलं. लॅपटॉप २०१७ चा आहे. बाबा म्हणतात, कापूस विकला की नवीन घेऊ. घेऊ का?"

माझं उत्तर: थांब भाऊ. कापसाच्या पैशाला हात लावायच्या आधी पंधरा मिनिटं दे.

दोष नेमका कुणाचा?

अँड्रॉइड फोन घरच्या वाय-फायला जोडा, मोबाईल डेटा बंद करा. आता फोन केबलने लॅपटॉपला लावा आणि सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू करा. लॅपटॉपचं स्वतःचं वाय-फाय बंद ठेवा. बऱ्याच जणांना वाटतं टेदरिंग म्हणजे फक्त सिमचा डेटा, पण असं केलं की फोन घरचंच वाय-फाय लॅपटॉपला देतो. म्हणजे तुमचा फोनच वाय-फाय कार्ड झाला. आता स्पीड टेस्ट करा. ३५ चे ८०-९० झाले, तर लॅपटॉप ठीक आहे, त्याचं वाय-फाय कार्ड मागे पडलंय. तरीही ३५ च राहिले, तर केबल, ड्रायव्हर किंवा लॅपटॉपच तपासा. कार्डावर खर्च करू नका.

३५ च का?

विंडोज ११ मध्ये वाय-फायच्या प्रॉपर्टीज उघडा. तिथे प्रोटोकॉल, बँड आणि लिंक स्पीड दिसतं. त्या काळच्या बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत एक अँटेनावालं, फक्त २.४ गिगाहर्ट्झचं, ८०२.११ एन कार्ड यायचं. खोक्यावर १५० लिहिलेलं, पण नेहमीच्या २० मेगाहर्ट्झ चॅनेलवर त्याचं लिंक स्पीड जास्तीत जास्त ७२. आणि ७२ हाही कागदावरचा आकडा.

वाय-फाय म्हणजे ग्रामसभेतला एकच माईक समजा. एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, आणि माईक हातोहात फिरवण्यातही वेळ जातो. म्हणून प्रत्यक्षात हाती येतं साधारण निम्मं, म्हणजे ३५ ते ४०. थोडक्यात, कार्ड बिघडलेलं नाहीये, बिचारं पूर्ण ताकद लावतंय.

त्यात २.४ वर एकमेकांना न अडणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. सावंगी किंवा सेवाग्रामला होस्टेलात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. एका मजल्यावर वीस राउटर, सगळे तीन माईकांवर.

पर्याय १: यूएसबी अडॅप्टर

खोक्यावर "एन १५०" असेल तर घेऊ नका. तोच आजार नव्या डबीत. "ड्युअल बँड" आणि "एसी ६००" शोधा. हा ६०० म्हणजे दोन बँडची बेरीज: ५ गिगाहर्ट्झवर ४३३ आणि उरलेले २.४ वर. एका वेळी एकच बँड वापरता येतो. पण ४३३ चे निम्मे धरले तरी १०० च्या प्लॅनला पुरून उरतात. किंमत साधारण हजाराच्या आसपास. साधं यूएसबी २ पोर्टही चालतं.

पर्याय २: आतलं कार्ड बदलणं

हे जास्त टिकाऊ आणि पोर्टही अडत नाही. पण नागपूरला सीताबर्डीला जाऊन कार्ड आणायच्या आधी लॅपटॉपचं खालचं झाकण उघडून चार गोष्टी बघा.

एक, कार्ड बोर्डलाच सोल्डर केलंय का? असेल तर विषय संपला.

दोन, स्लॉट कोणता? २२ बाय ३० मिलिमीटरचं एम.२ की जुनं मिनी पीसीआयई?

तीन, अँटेनाच्या वायरी किती? एकच असेल तर दोन अँटेनांचं कार्ड घेऊन पूर्ण फायदा मिळत नाही.

चार, जुन्या काही मॉडेल्समध्ये बायोस ठरावीक कार्डंच स्वीकारतं. आपल्या मॉडेलचं नाव टाकून आधी शोधा.

आणि इंटेलच्या नंबरांत एक गोम आहे. एएक्स २०० आणि २१० ही साधी कार्डं, एएमडीवरही चालतात. एएक्स २०१ आणि २११ दिसायला तशीच, पण ती ठरावीक इंटेल प्रोसेसरच्या मशीनमध्येच चालतात. ऑनलाइन स्वस्त दिसलं म्हणून शेवटचा १ बघायला विसरू नका.

लिनक्स वापरत असाल तर कंपनीचं नाव नको, आतली चिप बघून घ्या.

लावल्यावर

- ड्रायव्हरसाठी नेट नसेल, तर वरचं टेदरिंग आहेच.
- यूएसबी अडॅप्टर लावलं की डिव्हाइस मॅनेजरमध्ये जुनं कार्ड डिसेबल करा.
- राउटरच्या नावापुढे "५जी" दिसतं ते ५ गिगाहर्ट्झ. मोबाईलच्या ५जीशी त्याचा संबंध नाही.
- होस्टेलचं नेट मॅक अ‍ॅड्रेसवर चालत असेल, तर नव्या कार्डाचा अ‍ॅड्रेस बदलतो. परत नोंदवावा लागेल.

कार्ड कधी घेऊ नये?

५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतींना लवकर हार मानतं. राउटर ओसरीत आणि अभ्यासाची खोली दोन जाड भिंतींमागे असेल, तर कार्ड बदलून फार फरक पडणार नाही. आधी राउटरची जागा बदला.

आणि परीक्षेच्या दिवशी? लॅपटॉपला लॅन पोर्ट असेल तर सरळ केबल लावा, राजेहो. दोन-तीनशे रुपयांच्या वायरीला ना माईकची पाळी लागते, ना भिंत आडवी येते.

तुमच्या लॅपटॉपचं मॉडेल आणि लिंक स्पीड पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही घेऊ. भेटू!