मांडीचं नंतर बघू, आधी पाय सरळ

गुडघ्याच्या वाट्या बदलायचं ठरलं की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘मग मांडी घालता येईल ना?’ मावळात तर हमखास. जेवायला पाट, चुलीपुढे उकिडवं बसणं, देवापुढे मांडी, भाताच्या आवणात दिवसभर ओणवं. सगळं आयुष्य जमिनीलगत गेलेलं. खरं उत्तर असं, की बहुतेकांना पूर्वीसारखी मांडी जमत नाही आणि डॉक्टरही तिचा हट्ट धरू नका म्हणतात. पण माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. गुडघा वाकतो किती, याआधी तो पुरता सरळ होतो का, हे विचारायला हवं.

हे ऑपरेशन आपल्याकडे घरोघरी माहीत झालं ते अटलबिहारी वाजपेयींमुळे. पंतप्रधान असताना मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात त्यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये बदलला. त्यासाठी न्यूयॉर्कहून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत हे १९७०च्या दशकात ‘टोटल कॉन्डिलर’ सांधा घडवणाऱ्या चमूतले. आजचे बरेच कृत्रिम गुडघे त्याच धाटणीचे आहेत. पुढे पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी भारतीय गुडघ्याची ठेवण पाहून ‘इंडस’ हा सांधा तयार केला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र सरकारने दरांना लगाम घातला आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरली. एवढं सगळं झालं तरी सांधा बसवून घेणं हे निम्मंच काम. उरलेलं निम्मं घरच्या खाटेवर, साधारण पहिल्या सहा आठवड्यांत होतं.

फिजिओथेरपिस्ट कोनमापक लावून अंश मोजतात. सपाटीवर चालायला साधारण ६५ ते ७० अंश वाक पुरतो. जिना चढायला ८०-८५ लागतात, उतरायला ९०च्या आसपास आणि बुटक्या खुर्चीतून उठायला शंभरच्या थोडा वर. उकिडवं बसायचं तर १३०च्या पुढे जावं लागतं. ऑपरेशननंतर बहुतेक गुडघे ११० ते १२०पर्यंत येतात. आधीच आखडलेला गुडघा मात्र नंतरही कमीच वाकतो, म्हणून व्यायाम ऑपरेशनच्या आधीपासून सुरू केलेला बरा.

आता सरळपणाचं. दुखऱ्या पायाला गुडघ्याखाली उशी घेतली की बरं वाटतं आणि घरचेही मायेने ती सरकवून देतात. या उशीइतकं नुकसान दुसरं काही करत नसेल. गुडघा अर्धवट वाकलेल्या स्थितीत आखडतो. मग चालताना मांडीच्या पुढच्या स्नायूला क्षणभरही विसावा मिळत नाही, माणूस लवकर थकतो, लंगडतो आणि पुढे कंबर धरते. टॉवेलची गुंडाळी घ्यायची ती टाचेखाली, गुडघा वरती मोकळा.

याच स्नायूची आणखी एक गंमत. गुडघ्यात सूज असली की मज्जासंस्थाच त्याला आवरून धरते. पाय उचला म्हटलं तरी उचलत नाही. माणूस घाबरतो, बायका तर रडवेल्या होतात. म्हणून बर्फ आणि पाय उंच ठेवणं हेसुद्धा व्यायामाइतकंच महत्त्वाचं.

टाच सरकवायचा व्यायाम जवळून पाहण्यासारखा असतो. टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी घालतात, म्हणजे चादरीवर ती अडत नाही. वेदनाशामक गोळी अर्ध्या तासापूर्वी घेतलेली. ‘मावशी, टाच ओढा... अजून थोडी... धरून ठेवा, पाच मोजा.’ मावशी तीनवरच सोडतात आणि पाच झाले म्हणतात. पुन्हा टाच ओढून घेतली जाते. पूर्वी रुग्णालयात पाय आपोआप वाकवणारं यंत्र लावायचे. अभ्यासांत त्याचा फायदा दोनेक अंशांपलीकडे दिसला नाही. स्वतःच्या ताकदीने वाकवलेला गुडघाच खरा.

मावळात यात पावसाची भर पडते. लोणावळ्यात आषाढ-श्रावणात अंगणात शेवाळ साचतं, वाट निसरडी होते. अशा दिवसांत वॉकर घेऊन बाहेर पडायचं धाडस करू नये, पडवीतल्या फेऱ्या पुरतात. अंदर मावळात किंवा पवन मावळात रोज फिजिओथेरपिस्ट येणं अवघड, तेव्हा घरातल्या एकाने व्यायाम नीट शिकून घ्यावा. खाट बुटकी असेल तर पायांखाली विटा द्या, शौचाला कमोडची खुर्ची आणा. आणि कोणी कितीही प्रेमाने आलं तरी ताज्या जखमेवर गरम तेलाचं मालीश नको.

लोणावळ्याचं नाव निघालं की कैवल्यधाम आठवतं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे योगाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. योगाचा अभिमान असलेले कैक जण ऑपरेशननंतर लगेच वज्रासनाकडे वळू पाहतात. कृत्रिम सांध्यावर एवढा दाब सर्जनला विचारल्याशिवाय देऊ नये. श्वसन आणि उभ्याने मांडीचे स्नायू आवळून धरणं मात्र खुशाल करावं.

सहा आठवड्यांनंतरही गुडघा ९० अंशांच्या अलीकडेच अडला, तर सर्जनला दाखवा. भूल देऊन तो हाताने वाकवून मोकळा करता येतो, पण पहिल्या दोन-तीन महिन्यांतच. नंतर आत चिकटलेले तंतू घट्ट होतात. पोटरी अचानक सुजून दुखू लागली, जखमेतून पाणी आलं किंवा ताप चढला तर थांबू नये. छातीत दुखलं, दम लागला तर तडक रुग्णालय गाठावं. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा, चालताना टकटक आवाज, हे मात्र बहुधा निर्धोक.

कार्ल्याच्या एकवीरेला जायचं कधी, हे ऐकायला घरातले अधीर असतात. आधी घरचा जिना: चढताना चांगला पाय पुढे, उतरताना ऑपरेशनचा, काठी उलट्या हातात. आई एकवीरेच्या पायऱ्या चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्याचा कस लागतो, कारण अंगाचा सगळा भार वाकत्या पायाला हळूहळू खाली सोडावा लागतो. घरचा जिना कठडा न धरता एकापाठोपाठ एक पाय टाकून उतरता येऊ लागला की मगच सर्जनकडे परवानगी मागायची. तोही आधी पालथं झोपवून दोन्ही टाचा एका पातळीत येतात का, म्हणजे पाय पुरता सरळ होतो का, हेच बघेल.