घरात कर्करोग असताना

“डॉक्टर, काय असेल ते आम्हाला सांगा, पेशंटला मात्र कळू देऊ नका.” तपासणीचा रिपोर्ट हाती आला की नातेवाईक मला हटकून असे बजावतात. त्यामागे मायाच असते. पण ज्याला परळच्या टाटा रुग्णालयात रोज शेक घ्यायला नेतात, त्याला आपला आजार उमगत नाही असे कोणी समजू नये. घरच्यांना त्रास नको म्हणून तो गप्प आणि त्याला धक्का नको म्हणून घरचे गप्प! यात मनातले बोलणे राहते, सातबारा आणि बँकेचे वारसही राहून जातात. आधी त्यालाच विचारावे, “आजाराबद्दल किती जाणून घ्यायचे आहे?” तो विचारील तेवढेच सांगावे, पण खोटे सांगू नये.

काही घरांत रुग्णाचे ताट वेगळे ठेवतात, नातवंडांना जवळ येऊ देत नाहीत. कर्करोग स्पर्शाने किंवा उष्ट्याने होत नाही. दुखण्यापेक्षा हे वेगळे ताटच माणसाला जास्त लागते.

आता वेदनेविषयी. तोंडाचा कर्करोग वाढला की साध्या गोळ्या पुरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ साली वेदनाशमनाच्या पायऱ्या सांगितल्या, त्यात वरच्या पायरीवर मॉर्फिन आहे. साधी गोळी दुखण्याची वाट न पाहता, बहुधा दर चार तासांनी, डॉक्टर सांगतील तशी घ्यायची असते. व्यसन लागेल म्हणून घरचेच ती लपवून ठेवतात. वेदनेसाठी, देखरेखीखाली घेताना ही भीती बाळगू नये. बद्धकोष्ठ मात्र बहुतेकांना होते, तेव्हा पोट साफ होण्याचे औषध सोबतच मागून घ्यावे. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यामुळे ही गोळी दुर्मिळ झाली होती. २०१४ च्या दुरुस्तीने परवान्यांची कटकट कमी झाली, तरी ती प्रत्येक दुकानात मिळत नाही. जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरची सोय आहे का, याची चौकशी करावी. हे उपचार फक्त अखेरच्या दिवसांसाठी नसतात. केमोथेरपी चालू असतानाही ते घेता येतात.

मुंबईस जाणाऱ्यांनी रुग्णालयातील समाजसेवकांना जरूर भेटावे. महात्मा फुले योजनेची कागदपत्रे, दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती, ही माहिती तेथे मिळते. धर्मशाळेच्या ओट्यावर दुसऱ्या रुग्णाशी झालेल्या गप्पा माझ्या सल्ल्यापेक्षा अधिक धीर देतात, हे मी पाहिले आहे. उपचारासाठी जाताना रेल्वेच्या स्लीपर वर्गात रुग्णाला पूर्ण व सोबत्याला ७५ टक्के सवलत आहे. त्यासाठी रुग्णालयाचा दाखला लागतो.

रुग्ण दोन आठवडे सतत उदास असेल, झोप उडाली असेल, जगणे नको म्हणत असेल, तर ‘असे व्हायचेच’ म्हणून सोडू नये. नैराश्यावर औषध आहे, लगेच डॉक्टरांना सांगावे.

आणि सेवा करणारी बाई? बहुधा बायको किंवा सून. तिचे जेवण, तिची रक्तदाबाची गोळी कोणी विचारत नाही. शेजाऱ्यांनी “काही लागले तर सांगा” असे म्हणण्यापेक्षा “मंगळवारी दुपारी दोन तास मी बसते” असे सांगावे. तेवढ्यात ती झोपेल, नाहीतर बँकेत जाऊन येईल.